आत कोण येणार? पोकेमॉन सिंगल्ससाठी संतुलित टीम बांधताना

प्रश्न थोडक्यात असा: शोडाउन या ऑनलाइन पोकेमॉन लढतींच्या साइटवर, नवव्या पिढीच्या ओयू (सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पोकेमॉनचा गट) लॅडरवर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, ड्रॅगापल्ट, आयर्न व्हॅलियंट, क्युरेम, रेजिंग बोल्ट, गोल्डेंगो आणि किंगॅम्बिट अशी टीम आहे. सहाही जण वरच्या फळीतले, सगळ्यांच्या मूव्ह एकत्र धरल्या तर जवळपास प्रत्येक टाइपला दुप्पट मार बसतो. तरीही सामने हातचे जातात आणि नेमकं कुठे बिघडलं ते कळत नाही. संतुलित टीम बांधायची म्हणजे काय करायचं?

तुझ्या सहांपैकी एकही पोकेमॉन वाईट नाही. गडबड आहे ती टाइपचा तक्ता (कोणत्या टाइपचा मार कोणाला दुप्पट, साधा, निम्मा बसतो किंवा लागतच नाही ते सांगणारा) वाचण्याच्या दिशेत. आपण कुणाला काय मारू शकतो हे तू सहाही जणांसाठी तपासलंस. समोरच्याने मारलं तर ते अंगावर घ्यायला कोण आत येणार, हे तपासायचं राहिलं. सिंगल्समध्ये मैदानात दोन्ही बाजूंचा एकेकच पोकेमॉन असतो. जो उभा आहे त्याचं समोरच्यापुढे काही चालत नसेल, तर त्याला बदलावं लागतं. त्यात तुझी पाळी जाते आणि आत येणारा मार खातो. म्हणून टीमची परीक्षा मैदानातल्या एकापेक्षा मागे बसलेल्या पाचांची जास्त असते.

तुझीच टीम घेऊन बघू. समोर ग्रेट टस्क आला असं धर. ग्राउंड आणि फायटिंग टाइप, अटॅक 131, डिफेन्स 131. तो हेडलाँग रश मारणार: 120 ताकदीची ग्राउंड मूव्ह, आणि स्वतःच्याच टाइपची असल्यामुळे वर दीडपट. आता मागच्यांकडे बघ. गोल्डेंगो, किंगॅम्बिट आणि रेजिंग बोल्ट या तिघांनाही ग्राउंडचा दुप्पट मार बसतो. ड्रॅगापल्ट, क्युरेम आणि व्हॅलियंटला साधा बसतो, पण तिघांपैकी कुणाचीही अंगकाठी असा मार खाऊन शांतपणे पुढची चाल करण्याची नाही. हवेत असलेला, ग्राउंड लागतच नाही असा एकही नाही. मग तुझ्याकडे एकच मार्ग उरतो. कुणाचा तरी बळी द्यायचा आणि ड्रॅगापल्ट वेगाने पुढे आहे म्हणून फुकटात आत आणायचा. समोरचा टस्क मागे घेतो. काही पाळ्यांनी टस्क परत येतो, परत एक बळी. सामना 6 विरुद्ध 6 सुरू होतो, पण तू त्या एका पोकेमॉनसमोर दोनदा हात जोडलेस की 4 विरुद्ध 6 खेळत असतोस. शिवाय तुझ्याकडे स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला लागणारे दगड, टाकणारा नाही आणि समोरच्याने टाकलेले दगड साफ करणाराही नाही. क्युरेमला बूट (दगडांपासून वाचवणारी हेवी-ड्यूटी बूट ही वस्तू) घातले नसतील तर तो प्रत्येक वेळी आत येताना चौथा हिस्सा एचपी, म्हणजे जीव, गमावतो.

कबड्डीत सातही जण चढाईपटू घेऊन कुणी संघ उतरवत नाही; तसंच हे आहे. अर्थात केवळ आक्रमणावर चालणाऱ्या टीमही असतात, त्यांना हायपर ऑफेन्स म्हणतात, आणि त्या जिंकतातही. तिथे ‘आत कोण येणार’ याचं उत्तर जाणूनबुजून ‘कुणी नाही’ असं दिलेलं असतं. पण त्यासाठी सर्वांत आधी उतरून पहिल्याच पाळीत दगड टाकणारा लीड, एका फटक्यात न पडू देणारा फोकस सॅश आणि एका मोकळ्या पाळीत ताकद वाढवून टीम फोडणारे दोन-तीन जण लागतात. ती वेगळी शिस्त आहे. तुझी टीम तशीही नाही आणि बॅलन्स, म्हणजे संतुलितही नाही, मधेच लटकली आहे.

माझ्या लेखी संतुलित टीमची व्याख्या एकच. लॅडरवर वारंवार भेटणाऱ्या प्रत्येक धोक्यासमोर आत यायला कुणीतरी आहे, आणि तो आत आल्यावर खेळ पुन्हा आपल्या हातात येतो. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे बोलतो.

सुरुवात मात्र बचावापासून करू नकोस. आधी ठरव की ही टीम जिंकणार कशी. तुझ्या टीममधला किंगॅम्बिट मी ठेवतो, कारण सामन्याचा शेवट करायला त्याच्याइतका भरवशाचा पोकेमॉन या पिढीत क्वचित सापडेल. अटॅक 135. सुप्रीम ओव्हरलॉर्ड या ॲबिलिटीमुळे (अंगभूत गुणामुळे) आपला एकेक साथी पडला की त्याच्या मूव्हची ताकद 10 टक्क्यांनी वाढते, पाच साथी पडले तर 50 टक्के. वेग फक्त 50, पण सकर पंच आधी लागतो, त्यामुळे समोरचा मारायला गेला की वेग बिनकामाचा. अटॅक दुप्पट करणारा स्वॉर्ड्स डान्स एकदा झाला की दमलेली टीम तो एकटा संपवतो. म्हणजे योजना ठरली: सामन्याच्या पहिल्या दोन तृतीयांशात समोरच्यांना झिजवायचं, किंगॅम्बिटला अडवू शकणारे एकदोन जण खास करून झिजवायचे, आणि शेवटी तो बाहेर काढायचा.

आता किंगॅम्बिटला काय नको? फायटिंगचा मार त्याला चौपट, ग्राउंड आणि फायरचा दुप्पट. त्याला अडवतो मुख्यतः टस्कच. तेव्हा पहिला जोडीदार असा हवा की जो टस्कसमोर निर्धास्त उभा राहील. कॉर्विनाइट. फ्लाइंग आणि स्टील. ग्राउंड लागत नाही, फायटिंग साधं लागतं, डिफेन्स 105. रूस्टने बरा होतो, यू-टर्नने मारून लगेच साथीला आत आणत बाहेर पडतो. त्याला रॉकी हेल्मेट दे: अंगाला भिडणारी मूव्ह मारली की मारणाऱ्याचाच सहावा हिस्सा एचपी जातो. टस्क दोनदा भिडला की त्याचा तिसरा हिस्सा गेला, आणि किंगॅम्बिटचा रस्ता तेवढा सोपा झाला. एकाने खाल्लेला मार दुसऱ्याच्या कामी यायला हवा, असं जोडत जायचं.

कॉर्विनाइटचा स्पेशल डिफेन्स (मूव्ह फिजिकल किंवा स्पेशल असतात, त्यातल्या स्पेशलचा मार रोखणारा आकडा) 85, आणि इलेक्ट्रिक-फायरसमोर तो उभा राहू शकत नाही. म्हणून स्पेशल मार खाणारा हवा. इथे मी गॅलरचा स्लोकिंग घेतो, लॅडरवर ज्याला ग्लोकिंग म्हणतात. पॉयझन आणि सायकिक, एचपी 95, स्पेशल डिफेन्स 110. फायटिंगचा मार त्याला चौथाईच बसतो, फेअरीचा निम्मा. म्हणजे तो आयर्न व्हॅलियंटसमोर उभा राहतो, आणि व्हॅलियंट हा असा धोका आहे की ज्याला किंगॅम्बिटचा सकर पंच चौथाईच लागतो. रीजनरेटरमुळे मागे जाताना एक तृतीयांश एचपी परत मिळतं, आणि चिली रिसेप्शन मारली की मार खाऊन झाल्यावर दुसऱ्याला मोकळी वाट करून देत तो बाहेर पडतो. सोबत स्लज बॉम्ब, फ्यूचर साइट, स्लॅक ऑफ, पायात हेवी-ड्यूटी बूट.

तिसरा जोडीदार ग्रेट टस्कच. समोरच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे नको असं काही नाही. दगड टाकणं आणि समोरच्याचे दगड साफ करणं, दोन्ही तो एकटा करतो, आणि स्टेल्थ रॉकचं त्याला स्वतःला फक्त 3 टक्क्यांच्या आसपास नुकसान होतं. इलेक्ट्रिक लागत नाही, म्हणजे कॉर्विनाइटची ती बाजू सावरली जाते. मूव्ह: हेडलाँग रश, नॉक ऑफ (मारून हातातली वस्तू काढून घेणारी), रॅपिड स्पिन (दगड साफ करणारी), स्टेल्थ रॉक. नॉक ऑफ का, ते दगडांच्या भागात सांगतो.

चौथा ड्रॅगापल्ट, तो तुझ्याकडे आधीच होता. वेग 142. त्याचं काम आता वेगळं: टीममधला सर्वांत वेगवान हात, आणि ड्रॅको मेटिअर, शॅडो बॉल, यू-टर्न यांनी समोरच्याला सतत हलवत ठेवणं. पायात बूट.

पाचांपर्यंत आल्यावर थांबून बघायचं. फायरसमोर आत कोण येणार? किंगॅम्बिट आणि कॉर्विनाइटला दुप्पट मार, टस्क आणि ग्लोकिंगला साधा, ड्रॅगापल्टला निम्मा, पण त्याची अंगकाठी नाजूक. इथे भोक आहे. सहावा पोकेमॉन आवडीचा नसतो, तो या भोकाच्या मापाचा असतो. मी प्रिमरिना घेईन. वॉटर आणि फेअरी, स्पेशल अटॅक 126, स्पेशल डिफेन्स 116. फायर निम्मा, फायटिंग निम्मा, डार्क निम्मा, ड्रॅगन लागतच नाही. सिंडरेस या फायर पोकेमॉनची पायरो बॉल आणि हाय जंप किक, दोन्ही ती अर्ध्यावर घेते. आणि ती नुसती खात नाही, मूनब्लास्टने मोठं भगदाडही पाडते. सहज म्हणून ड्रॅगन, स्टील आणि फेअरी हे त्रिकूटही जमून आलं: एकावर आलेला मार दुसरा सहज खातो, अशी ही जुनी आणि अजून टिकलेली सांगड आहे. फेअरी टाइप 2013 साली एक्स आणि वाय या गेममध्ये आला, तेव्हापासून ती वापरात आहे.

टीम कागदावर झाली. खरं काम इथून सुरू होतं, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

एक कागद घे. ओयू म्हणजे काय ते लक्षात असू दे: ज्या पोकेमॉनचा वापर 4.52 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, म्हणजे 15 सामन्यांत निदान एकदा भेटण्याची शक्यता निम्मी आहे, तो ओयूत. शोडाउनच्या वापराचे आकडे दर महिन्याला निघतात. त्यातली वरची वीस नावं उभी लिहून काढ. प्रत्येकासमोर दोन रकाने: ‘हा मारत असताना आत कोण येतो’ आणि ‘याला बाहेर कोण काढतो’. पहिल्या रकान्यात नाव नसेल पण दुसऱ्यात असेल तर त्याला आपल्याकडे ‘चेक’ आहे. दोन्हींत एकच नाव आलं तर ‘काउंटर’. प्रत्येकाला काउंटर असणं अशक्य आहे, सहाच जागा आहेत. प्रत्येकाला निदान चेक असणं मात्र शक्य आहे आणि ते हवंच.

वरच्या टीमचा हा कागद भरताना काय काय दिसतं ते सांगतो, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे.

रेजिंग बोल्ट. इलेक्ट्रिक मारेल तर टस्क आत यावा, ड्रॅको मेटिअर मारेल तर प्रिमरिना. दोन्ही फुकटात. पण अंदाज चुकला तर दोघांपैकी आत आलेला जवळपास मेलाच: टस्कचा स्पेशल डिफेन्स 53 आहे, आणि प्रिमरिनाला इलेक्ट्रिक दुप्पट लागतं. अशा वेळी मधला पर्याय ग्लोकिंग. त्याला दोन्ही मूव्ह साध्या लागतात, तो दोन्ही झेलतो, आणि मागे जाताना एक तृतीयांश परत मिळवतो. ज्याला आत आणताना अंदाज बांधावा लागत नाही असा एक जण टीममध्ये असला की सामना तुझ्या नशिबावर राहत नाही. अंदाजाचे खेळ व्हिडिओत छान दिसतात. लॅडरवर वर चढणारे लोक शक्य तितके ते टाळतात.

क्युरेम. तक्ता बघून वाटेल की प्रिमरिना आहे ना, आइस तिला निम्मा आणि ड्रॅगन लागतच नाही. पण क्युरेमकडे फ्रीझ-ड्राय असते, आणि ही आइसची मूव्ह वॉटर टाइपवर दुप्पट लागते. म्हणजे नुसता तक्ता पुरत नाही, समोरचा प्रत्यक्षात कोणत्या मूव्ह घेऊन फिरतो ते पाठ हवं. कॉर्विनाइटला आइस साधा लागतो, एकदा झेलू शकतो. त्यानंतर यू-टर्न, ड्रॅगापल्ट आत, आणि क्युरेमचा वेग 95 असल्यामुळे ड्रॅको मेटिअर आधी बसते, दुप्पट.

वेलस्प्रिंग मुखवट्यातली ओगरपॉन, वॉटर आणि ग्रास. हे या टीमचं दुखरं ठिकाण. वॉटर आणि ग्रास दोन्ही निम्मे खाणारा एकटा ड्रॅगापल्ट, आणि तिच्या नॉक ऑफसमोर तो टिकत नाही. कॉर्विनाइटला ग्रास चौथाईच आणि ग्लोकिंगला निम्मा, पण वॉटर दोघांनाही साधा, आणि तिची वॉटर मूव्ह आयव्ही कजल 100 ताकदीची आहे. इथे पहिला रकाना रिकामा ठेवावा लागतो, दुसऱ्यात ड्रॅगापल्ट लिहायचा: तिचा वेग 110, याचा 142. मग प्रश्न हा की ड्रॅगापल्टला मार न खाता आत आणायचं कसं? कॉर्विनाइटचा वेग 67 आहे, हे इथे दोष नसून गुण ठरतं. तो आधी मार खातो, मग यू-टर्न मारून बाहेर जातो, आणि ड्रॅगापल्ट अंगावर ओरखडाही न घेता उभा राहतो. संथ यू-टर्नची किंमत नवख्यांना लवकर कळत नाही. ती कळली की बचावाचा पोकेमॉन निवडण्याची नजरच बदलते.

ग्राउंड टाइप. आत येणारा फक्त कॉर्विनाइट. एकाच्या जिवावर अख्खी बाजू. या पिढीत रूस्ट, रिकव्हर, स्लॅक ऑफ अशा बरं करणाऱ्या मूव्हचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) 10 वरून 5 वर आणले आहेत, वाढवून 8. म्हणजे कॉर्विनाइट अख्ख्या सामन्यात आठ वेळा बरा होऊ शकतो, त्यापलीकडे नाही. समोर दोन ग्राउंड हल्लेखोर असले तर कॉर्विनाइटला दुसऱ्या कुठल्याही कामाला लावू नकोस. आणि दुसरी सोय हवी म्हणून किंगॅम्बिटचा टेरा (सामन्यात टाइप बदलण्याची सोय) फ्लाइंग ठेवायचा. टेरा केल्यावर ग्राउंड लागत नाही, फायटिंग चौपटीवरून निम्म्यावर येतं, फायर साधं होतं, आणि डार्क मूव्हची दीडपट त्याच्याकडे राहतेच. समोरचा टस्क मारायला येतो, किंगॅम्बिट उभा राहतो, आणि सामना तिथे फिरतो. टेरा सामन्यात एकदाच करता येतो, तेव्हा तो ज्याच्यावर जिंकण्याची योजना उभी आहे त्याच्यासाठी राखून ठेवणं बहुधा योग्य. पण बहुधाच, जिवावर बेतलं तर प्रिमरिनाला वाचवायलाही तो वापरावा.

डोंडोझो. अनअवेअर या ॲबिलिटीमुळे तो समोरच्याच्या वाढवलेल्या ताकदीकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे स्वॉर्ड्स डान्स फुकट जातो. सुप्रीम ओव्हरलॉर्ड ही मात्र स्टॅटची वाढ नसल्यामुळे तिच्यावर परिणाम होत नाही. तरी त्याला फोडायचं काम स्पेशल हल्ल्याचंच: स्पेशल डिफेन्स 65 आहे. ड्रॅगापल्ट, प्रिमरिना, ग्लोकिंग तिघंही स्पेशल. किंगॅम्बिट आणि टस्क फिजिकल. सगळे एकाच बाजूचे असते तर एक भिंत अख्ख्या टीमला पुरली असती.

आता दगडांचं. स्टेल्थ रॉक हा ओयूमधला सर्वांत मोठा हल्लेखोर आहे असं मी मनापासून मानतो. साधं नुकसान 12.5 टक्के, रॉकला कमजोर असलेल्याला 25, दुहेरी कमजोर असलेल्याला 50. स्पाइक्सचा, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या काट्यांचा, एक थर आठवा हिस्सा, दोन थर सहावा, तीन थर चौथा. लेफ्टओव्हर्स ही वस्तू एका पाळीत सोळावा हिस्सा एचपी परत देते, म्हणजे दगडांवरून एकदा आत येणं दोन पाळ्यांच्या लेफ्टओव्हर्सइतकं महाग. बॅलन्स टीम बदलीवर जगते, म्हणून तिला हे कर सगळ्यांत जास्त भरावे लागतात. साफ करणारा नसेल तर बॅलन्स खेळूच नये, इतकं हे स्पष्ट आहे.

आणि इथेच गोल्डेंगो आडवा येतो. घोस्ट असल्यामुळे रॅपिड स्पिन त्याला लागत नाही, गुड ॲज गोल्ड या ॲबिलिटीमुळे दगड उडवणारी डीफॉगही त्याच्यासमोर चालत नाही. एकाच पोकेमॉनने साफसफाईचे दोन्ही मार्ग बंद केले, म्हणून ही पिढी स्पाइक्सची झाली. टस्कने स्पिन करायची वेळ आली की समोरचा गोल्डेंगो आत आणतो. अनेकदा त्याच्या हातात त्याला हवेत ठेवणारा एअर बलून असतो, म्हणजे हेडलाँग रशही फुकट. नॉक ऑफ मात्र घोस्टवर दुप्पट लागते, हातात वस्तू असेल तर 65 ताकदीची मूव्ह 97.5 होते, आणि बलूनही गेला. म्हणून टस्कवर नॉक ऑफ. पहिल्या वेळी स्पिन न मारता नॉक ऑफ मार. गोल्डेंगोला एकदा चटका बसला की दुसऱ्यांदा तो तितक्या सहज आत येत नाही.

वेगाचं गणित एकदा समजून घे, मग ते कायमचं डोक्यात बसतं. 100 लेव्हलला चार ईव्हींचा (स्टॅटमध्ये आपण वाटायच्या गुणांचा) एक अंक, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252, एकूण 510. ड्रॅगापल्टचा मूळ वेग 142, पूर्ण वाढवल्यावर 421; तसाच, आयर्न व्हॅलियंट 364, टस्क 300, गोल्डेंगो 293. आता गोल्डेंगोला चॉइस स्कार्फ दिला की वेग दीडपट: 439, ड्रॅगापल्टच्याही पुढे. पण जास्त मारावं म्हणून त्याचा वेग वाढवणारा नेचर काढला तर 267 चे 400 होतात. व्हॅलियंटच्या पुढे, ड्रॅगापल्टच्या मागे. दोन्ही निवडी बरोबर असू शकतात; तुझ्या टीमला ड्रॅगापल्टचा त्रास आहे की नाही यावर ते ठरतं. ईव्ही डोळे मिटून 252/252 टाकू नकोस, प्रत्येक आकड्याला ‘कशासाठी’ हा प्रश्न विचार. डॅमेज कॅल्क्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट आहे. कॉर्विनाइट टस्कचे किती फटके खातो, हे अंदाजाने ठरवू नकोस.

आता व्याख्येतला तो दुसरा भाग: आत आल्यावर खेळ हातात येणं. ‘आत कोण येणार’ हे एकदा पटलं की पुढची घोडचूक ठरलेली असते. माणूस सहाही जागांवर भिंती उभ्या करतो. भिंत आत आली, मार खाल्ला, बरी झाली, मार खाल्ला, बरी झाली. आणि समोरचा तेवढ्यात नॅस्टी प्लॉट करून दुप्पट ताकदीने उभा. आत येणाऱ्या प्रत्येकाने तीनपैकी एक तरी करायला हवं: समोरच्याला दुखवावं, समोरच्याचं काही कायमचं नुकसान करावं (दगड, नॉक ऑफ, पॅरालिसिस), किंवा स्वतः बाहेर पडून योग्य माणसाला फुकट आत आणावं. वरच्या टीममध्ये कॉर्विनाइट यू-टर्नने, ग्लोकिंग चिली रिसेप्शनने बाहेर पडतो, टस्क वस्तू काढून घेतो, प्रिमरिना थेट मारते. नुसता बसून राहणारा एकही नाही. समोरच्याला फुकट पाळी देणारे दोन पोकेमॉन टीममध्ये असले तर मी एक काढतो.

पोकेमॉन निवडताना ताकदीच्या बेरजेला किती महत्त्व द्यावं, याचं उत्तर 2014 च्या जागतिक स्पर्धेने दिलं आहे. ती डबल्सची (मैदानात दोन्ही बाजूंचे दोन-दोन पोकेमॉन) स्पर्धा, ठिकाण वॉशिंग्टन डीसी. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू घेऊन ती जिंकली. पाचिरिसूच्या सगळ्या स्टॅटची बेरीज 405, त्याच टीममधल्या गारचॉम्पची 600. मग तो तिथे का होता? पार्कच्या ग्यारडोसला इलेक्ट्रिक चौपट लागतं. पाचिरिसू फॉलो मीने समोरच्याचे हल्ले स्वतःकडे ओढतो, आणि व्होल्ट ॲब्झॉर्बमुळे इलेक्ट्रिक खाऊन उलट बरा होतो. सुपर फँगने कितीही मोठ्या पोकेमॉनचा उरलेला एचपी निम्मा होतो, त्याला स्वतःच्या अटॅकची गरजच नाही. नझलने समोरचा पॅरालाइझ. प्रत्येक ओळ त्या टीमच्या गरजेतून आलेली. पण म्हणून पाचिरिसू उचलून आपल्या टीममध्ये टाकायचा नाही. ज्यांनी तो तसा टाकला त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण भोक दुसऱ्याच मापाचं होतं.

डबल्सकडे वळायचा विचार असेल तर एवढंच लक्षात ठेव: अधिकृत व्हीजीसी सामन्यांत सहा आणून चारच खेळवतात, म्हणजे तू एक टीम नाही, एकमेकांत मिसळणाऱ्या दोन-तीन चौकड्या बांधत असतोस. दगडांचं महत्त्व घटतं, वेग ताब्यात ठेवणं सगळ्यांत वर जातं: आपल्या बाजूचा वेग वाढवणारा टेलविंड चार पाळ्या, संथांना आधी चाल देणारी ट्रिक रूम पाच. फेक आउट, इंटिमिडेट आणि हल्ले ओढून घेणारे यांच्याशिवाय तिथे पान हलत नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तुझ्या टीमकडे परत येतो. वरची सहा जणांची टीम जशीच्या तशी घेऊन निदान वीस सामने खेळ, मधे काही बदलू नकोस. शोडाउन प्रत्येक सामन्याचा रिप्ले ठेवू देतो. हरलेल्या प्रत्येक सामन्याचा रिप्ले उघड आणि आपला पहिला पोकेमॉन पडला त्याच्या दोन पाळ्या आधी थांब. तिथे एकच प्रश्न: त्या क्षणी आत यायला योग्य माणूस होता आणि मी आणला नाही, की माणूसच नव्हता? पहिलं असेल तर टीम बरोबर आहे, खेळ सुधारायचा. दुसरं असेल तर त्या धोक्याचं नाव कागदावर लिही. वीस सामन्यांत एकच नाव तीन-चार वेळा आलं तरच टीमला हात लाव, आणि तेव्हाही आधी मूव्ह बदलून बघ, मग वस्तू, मग टेरा, आणि त्यानंतरच पोकेमॉन. एका वेळी एकच बदल. ओगरपॉन सारखी नडली तर ग्लोकिंगचे ईव्ही डिफेन्सकडे वळवून बघ. तरी नडली तर प्रिमरिनाच्या जागी दुसरा कोण बसतो ते बघ, पण मग फायरचा रकाना पुन्हा भरावा लागेल, आणि तो भरल्याशिवाय लॅडरवर जाऊ नकोस.